लढाऊ की लढाईला जुंपलेलं?

शिरपूरच्या एका शाळेत शिकवणाऱ्या ताईंनी प्रश्न पाठवलाय. अवांतर वाचनाच्या तासाला त्यांनी मुलांना छोट्या विमानांची गोष्ट सांगितली. शिकण्यासाठी, शेतावर औषध मारण्यासाठी किंवा निव्वळ हौसेसाठी बनवलेली ही विमानं. वेळ आली तेव्हा लोकांनी त्यांनाच बॉम्ब आणि रॉकेटं लावली आणि लढाईत नेली. ताईंनी फळ्यावर लिहिलं, 'हलकी लढाऊ विमाने'. एक मुलगा लगेच ओरडला, "तेजस!" मग त्यांनी जुन्या रशियन विमानाचं चित्र दाखवलं, तर दुसरा अहिराणीत म्हणाला, "मॅडम, हाई ते फवारानं इमान शे." (हे तर फवारणीचं विमान आहे.) या विमानांना मराठीत नेमकं काय म्हणावं, असं ताई विचारतात.

ताई, दोन्ही मुलं बरोबर बोलली. अडचण फळ्यावरच्या शब्दांत आहे.

'हलके लढाऊ विमान' हे शब्द आपल्या वर्तमानपत्रांनी कधीच तेजसच्या नावावर करून टाकलेत. ते विमान 4 जानेवारी 2001 रोजी पहिल्यांदा उडालं. ते ध्वनीपेक्षा वेगानं जातं आणि सगळा भार घेऊन उडताना त्याचं वजन 13 टनांच्या वर जातं. त्याला हलकं म्हणतात ते सुखोईसारख्या थोराड विमानांच्या शेजारी ठेवून. तुमच्या गोष्टीतलं एक स्वीडिश विमान (त्याची हकीकत पुढं बियाफ्रात येते) माणूस, इंधन, शस्त्रं धरून पावणेसहाशे किलोच्या आसपास भरायचं. आपल्याकडच्या चांगल्या बैलजोडीचं वजन त्याहून जास्त होईल. दोन्हींना एकच शब्द लावला की मूल हाताशी असलेलं चित्र उचलणार, आणि त्या मुलानं तेच केलं.

शिवाय 'हलकं' हा शब्द मराठीत नुसतं वजन सांगून थांबत नाही. हलकी जमीन म्हणजे जिच्यात कापूस मनासारखा येत नाही ती. हलकं बियाणं, हलका माल, एखाद्याला हलकं लेखणं, या सगळ्यात कमीपणा आहे. म्हणून इथं मी साधं 'छोटं विमान' लिहीन.

खरा प्रश्न 'लढाऊ'चा आहे. या शब्दातला '-आऊ' हा प्रत्यय फार बोलका आहे. टिकतं ते टिकाऊ, विकायला ठेवलेलं ते विकाऊ, जाळण्याजोगं ते जळाऊ लाकूड, पैसा उडवणारा तो उडाऊ. प्रत्येक ठिकाणी तो गुण त्या वस्तूच्या किंवा माणसाच्या अंगचा आहे. बाभळीचं जळाऊ लाकूड घरी आणल्यावर जळाऊ झालं असं आपण म्हणत नाही, ते आधीपासूनच तसं असतं. 'लढाऊ बाणा' म्हणतो तेव्हाही स्वभावाबद्दलच बोलतो. इंग्रजांनी काही समाजांना 'लढाऊ जमाती' ठरवलं, त्यात लढणं जन्मजात असतं हीच त्यांची समजूत होती. तेव्हा 'लढाऊ विमान' म्हटलं की मराठी कानाला ऐकू येतं ते लढण्यासाठीच जन्माला घातलेलं विमान.

(याच प्रत्ययाचा 'शिकाऊ विमान' हा शब्द काही जण चुकीचा मानतात. शिकतो तो विद्यार्थी, विमान कुठं शिकतं, असा त्यांचा आक्षेप. पण जळाऊ लाकूड जसं जाळण्याचं, तसं शिकाऊ विमान शिकण्याचं. मला हा शब्द पटतो आणि पुढं मी तो वापरणार आहे.)

तुमच्या गोष्टीतली विमानं मात्र जन्मानं लढाऊ नव्हती. ज्या रशियन विमानाचं चित्र तुम्ही दाखवलंत ते पो-2 असावं. सोव्हिएत विमानरचनाकार पोलिकारपोव्ह यांनी ते 1920 च्या दशकाच्या शेवटी केलं तेव्हा त्याचं नाव यू-2 होतं. लाकडी सांगाडा, वर कापड, एकावर एक असे दुहेरी पंख आणि 100 अश्वशक्तीचं इंजिन. त्याच्यावर सोव्हिएत वैमानिक उडायला शिकले, आणि त्यानं पिकांवर औषधही मारलं. रशियन लोक त्याला कुकुरुझ्निक म्हणायचे. कुकुरुझा म्हणजे मका, तेव्हा आपल्या भाषेत झालं 'मकेवालं'. तुमच्या विद्यार्थ्यानं काही न वाचता, नुसतं चित्र बघून, रशियन शेतकऱ्यानं ठेवलं तसलंच नाव ठेवलं. त्याचं खरंच कौतुक करा.

1942 पासून सोव्हिएत महिलांची एक अख्खी रेजिमेंट याच विमानांवरून रात्री जर्मन फौजेवर बॉम्ब टाकत होती. वैमानिक बाया, दिशा दाखवणाऱ्या बाया, दुरुस्ती करणाऱ्याही बायाच. लक्ष्य जवळ आलं की त्या इंजिन मंद करायच्या आणि विमान तरंगत खाली आणायच्या. खाली ऐकू यायची ती पंखांच्या तारांमधून जाणाऱ्या वाऱ्याची सळसळ. जर्मनांनी त्यांना 'रात्रीच्या चेटकिणी' म्हटलं, आणि टकटकत जाणाऱ्या त्या विमानाला 'शिलाई मशीन'. युद्ध संपेपर्यंत त्या रेजिमेंटची 23,000 हून जास्त उड्डाणं झाली. या विमानाला 'लढाऊ' म्हटलं की त्या बायांनी कशावर बसून काय केलं, हेच झाकलं जातं. कापडाच्या, फवारणीच्या विमानातून त्या गेल्या, हे वाचणाऱ्याला शब्दातच दिसायला हवं.

त्यासाठी आपल्याकडे एक अस्सल क्रियापद आहे: जुंपणे.

आपण बैल औताला जुंपतो, गाडीला जुंपतो. घरातलं पोर सुट्टीत कापूस वेचायच्या कामाला जुंपलं जातं. आणि याच शब्दानं आपण म्हणतो, दोघांची जुंपली, लढाई जुंपली. जू, जुंपणं आणि संस्कृतातला युज् धातू एकाच घरातले, सगळ्यांचा गाभा जोडणं हा. दोन बैल एका जुवाखाली येतात तेही जुंपणं, आणि दोन माणसं एकमेकांना भिडतात तेही जुंपणं. (युद्ध हा शब्द युध् या वेगळ्या धातूचा, त्याला या कुटुंबात ओढू नये.) शिवाय जुंपण्यात एक गोष्ट गृहीत असते: ज्याला जुंपलं त्याचं स्वतःचं आयुष्य त्या कामाच्या आधीही होतं आणि कदाचित नंतरही राहील. बैल सोडला की पुन्हा गोठ्यात येतो. 'लढाईला जुंपलेलं विमान' म्हटलं की ते मुळात कुणाचं होतं, कुठून ओढून आणलं, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राहतो. 'लढाऊ' त्याला हा प्रश्न पडूच देत नाही.

बियाफ्राचं उदाहरण तर या शब्दासाठीच घडल्यासारखं आहे. 1967 मध्ये नायजेरियापासून फुटून निघालेला तो प्रदेश उपासमारीनं खंगत होता. काउंट कार्ल गुस्ताफ फॉन रोझेन हा स्वीडिश वैमानिक 1968 मध्ये तिथं मदतीचं सामान पोचवायला गेला. पुढच्या वर्षी तो पाच एमएफआय-9बी विमानं घेऊन परतला, वर वजन सांगितलं तीच ही स्वीडिश शिकाऊ विमानं. दोन माणसांची, 100 अश्वशक्तीची, पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम साडेसात मीटर. त्यांना हिरवा रंग दिला आणि दोन्ही पंखांखाली सहा-सहा, अशी बारा रॉकेटं बसवली. 22 मे 1969 रोजी त्यांनी नायजेरियाच्या ताब्यातल्या पोर्ट हारकोर्टच्या विमानतळावर हल्ला केला. झाडांच्या शेंड्यांना लागून उडायची म्हणून ती अगदी जवळ येईपर्यंत दिसायची नाहीत. लोकांनी त्यांना 'बियाफ्राची बाळं' असं नाव दिलं.

हे विमान केवढं असेल ते मुलांना सांगताना गोंदूरचं नाव घ्या. धुळ्याजवळच्या त्या धावपट्टीवर मी एकदा शिकाऊ विमान शेडमध्ये नेताना पाहिलं. पुढच्या चाकाला एक दांडा अडकवला होता, एक जण तो धरून ओढत होता आणि दुसरा पंखाच्या दांडीला हात लावून ढकलत होता. दोघांत मिळून ते सहज चाललं होतं, आमच्याकडे रिकामी बैलगाडी माणसं हातानं मागं सारतात तसं. बियाफ्राची विमानं त्याहूनही छोटी होती. पंखाखाली बारा रॉकेटं, आणि कागदासारख्या पातळ पत्र्यामागं एक माणूस. तुमच्या वर्गातल्या मुलांच्या डोक्यावरून शिरपूरजवळच्या तांडे गावच्या धावपट्टीवरची शिकाऊ विमानं रोजच जातात, त्यामुळे त्यांना हे चित्र लगेच कळेल.

आता दुसरा शब्द, हत्यारबंद. 'सशस्त्र', 'शस्त्रसज्ज' हेही चालतील, पण मला 'हत्यारबंद' जास्त जवळचा वाटतो. कारण मराठीत 'हत्यार' म्हणजे शस्त्रही आणि कामाचं साधनही. सुताराची हत्यारं, न्हाव्याची हत्यारं असं आपण आजही म्हणतो. धुळ्यात ओळखीच्या एका लेथवाल्याकडे खंडेनवमीला जातो. चौरंगावर पाने, पक्कड, हातोडी, ड्रिलचे बिट धुऊन-पुसून मांडलेले असतात, त्यांच्याच ओळीत त्याच्या पणजोबांची गंजलेली तलवार, आणि सगळ्यांवर झेंडूचं एक-एक फूल. पक्कडीला वेगळा मंत्र आणि तलवारीला वेगळा, असं तिथं काही नसतं. हातातलं साधन शस्त्र कधी होतं, ही रेघ मराठी भाषेनं फार जाड आखलेली नाही. म्हणून फवारणीच्या विमानाला बंदूक लावली तर 'हत्यारबंद फवारणी विमान' हा शब्द कानाला खटकत नाही. आधीचं काम त्यात राहतं, आणि वर काय चढवलं तेही कळतं.

1971 चं उदाहरण मुलांना आणखी जवळचं वाटेल. बांगलादेशच्या मुक्तियुद्धात नागालँडमधल्या दिमापूरला 'किलो फ्लाइट' नावाची बांगलादेशी वैमानिकांची तुकडी उभी राहिली. भारतानं दिलेलं ऑटर हे कॅनडाच्या जंगलपट्टीत माणसं आणि सामान नेण्यासाठी बनलेलं मालवाहू विमान. त्याच्या पंखांखाली रॉकेटं बसवली, आणि 3 डिसेंबरच्या रात्री त्यानं चितगावच्या तेलसाठ्यांवर हल्ला केला. ते लढाऊ झालं का? माझ्या मते नाही. ते हत्यारबंद झालं आणि लढाईला जुंपलं गेलं. 2007 च्या मार्चमध्ये श्रीलंकेत कटुनायकेच्या हवाई तळावर एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेनं बॉम्ब टाकले ते चार आसनांच्या झ्लिन-143 या चेक बनावटीच्या छोट्या विमानांतून. तिथंही हाच शब्द बसतो.

एका ठिकाणी मात्र दोन्ही शब्द अपुरे पडतात. अमेरिकेत एअर ट्रॅक्टर नावाचं फवारणीचं विमान आहे. त्याच्या मोठ्या जातीत औषधाची टाकी 3,000 लिटरची असते. 2022 मध्ये अमेरिकेच्या विशेष दलांनी त्याच बनावटीवरून केलेलं हत्यारबंद विमान निवडलं. इथं कुणा शेतकऱ्याचं विमान ओढून आणलेलं नाही, कारखान्यातूनच नवं, लढाईसाठी केलेलं येतं. अशा वेळी शिंप्याचा शब्द घ्यावा: 'फवारणी विमानावर बेतलेलं'. माप जुनं आणि कापड नवं.

आणि युक्रेननं 2024 च्या एप्रिलमध्ये दोन आसनांचं हौशी विमान माणसाविना, स्फोटकं भरून, 1,000 किलोमीटरहून दूर रशियाच्या येलाबुगापर्यंत पाठवलं. त्याला जुंपलेलं म्हणवत नाही, कारण जुंपलेला बैल परत येतो. बाण सोडतात तसं ते 'सोडलेलं' विमान.

'नागरी विमान' वापरावं का, हे तुम्ही ओझरतं विचारलंय. वापरा, तो शब्द आता रुळलाय. जुन्या दप्तरांत 'मुलकी आणि लष्करी' ही छान जोडी होती, पण आज 'मुलकी' म्हटलं की तलाठी आणि सातबारा आठवतो.

पण एक जुना शब्द मात्र वर्गात जरूर सांगा, शिलेदार. सरकारी घोड्यावर बसून लढतो तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार. डिसेंबर 1941 मध्ये अमेरिकेत सिव्हिल एअर पेट्रोल स्थापन झालं. हौशी वैमानिक आपापली छोटी विमानं घेऊन आले आणि 1942 पासून किनाऱ्यावर जर्मन पाणबुड्या शोधत फिरू लागले. पुढं त्या विमानांना बॉम्बही लावले. ही माणसं शिलेदारच. मराठी मुलाला हा फरक समजवायला घोड्याच्या जागी विमान ठेवलं की पुरे.

फळ्यावरचं वाक्य मी असं लिहीन: 'मे 1969 मध्ये बियाफ्रात पाच छोटी शिकाऊ विमानं रॉकेटं लावून लढाईला जुंपण्यात आली.' आणि त्या दुसऱ्या मुलाला सांगा, त्याच्या अहिराणीतलं 'फवारानं इमान' हे नाव अगदी बरोबर आहे. त्याला पुढं एवढंच जोडायला सांगा की एका रात्री त्याच विमानातून बॉम्बही पडले.