लहान ओढ्यात ट्राउटसाठी ट्यूब फ्लाय चालते का? घरी बांधता येते का?

बांधता येते. ट्यूब फ्लाय म्हणजे पोकळ नळीवर केस-पिसं बांधून केलेलं मासे धरायचं आमिष. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी जेवणाच्या टेबलावर बांधतो, शेवटचा दोरा बायकोच्या नेलपॉलिशने पक्का करतो आणि बोलणी खातो. चालते का, याचं भाऊजींचं उत्तर 'नाही' आहे. गेली सहा वर्षं मी त्यांना तोंडावर काही बोलू शकलेलो नाही. बहिणीचा नवरा, त्यात वयाने मोठा. म्हणून इथे लिहितोय.

आधी सामान. पूर्वी मी इअरबडची काडी घ्यायचो, कापूस काढला की नळी तयार. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या काड्यांवर बंदी आली. आता कागदी मिळतात आणि त्यांचा पाण्यात लगदा होतो. तेव्हा बॉलपेनची रिकामी रिफिल स्पिरिटने धुऊन घ्या. अर्ध्या इंचाचा तुकडा कापा. दोन्ही कडांजवळ लायटर नुसता न्यायचा, टेकवायचा नाही; कड किंचित फुगते आणि दोरा निसटत नाही. व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला लावायच्या शिकंज्यात, दाभण धरा, नळी तिच्यावर सरकवा, झालं. केस बकरीचे, वर मोरपिसाचे चार तंतू. चमक हवी तर नवरात्र संपल्यावर चणियाचोळीचा सुटलेला जरीचा गोटा कोणीही देतं. मागच्या टोकाला सायकलच्या वॉल्वची रबरी नळी चढवा, हुकचा डोळा तिच्यात रुततो. हुक आखूड दांडीचा, एकेरी, काटा पक्कडीने दाबलेला. सगळं मिळून दीड इंचाच्या वर जाऊ देऊ नका.

आता खरी गोष्ट. एप्रिल महिना होता. हिमाचलात औटला बस सोडून आम्ही तीर्थन खोऱ्यात गेलो, गुशैनीच्या वरच्या अंगाला. भाऊजींकडे फिरकीचा चमचा, म्हणजे पाण्यात गरगरणारं धातूचं आमिष. माझी डबी उघडून म्हणाले, "अरे, हे सामन माशाचं हत्यार. हातभर ओढ्यात तोफ कशाला आणलीस?" तसं ते अगदीच चूक नाहीत. ट्यूब फ्लाय १९४५च्या सुमाराला स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनला एका फ्लाय बांधणाऱ्या बाईंनी काढली, टर्कीच्या पिसाच्या पोकळ दांड्यावर, आणि ती सामनसाठीच. पण आपल्याकडची ब्राऊन ट्राउट तरी कुठली? १९०० मध्ये काश्मीरला तिची अंडी स्कॉटलंडहूनच आली. एकाच गावचे पाहुणे! हे मला रात्री अंथरुणात सुचलं, तेव्हा नाही.

सकाळी बोटं इतकी गारठली होती की हुकला गाठ बसेना. "दे इकडे," म्हणून भाऊजींनी बांधून दिली. एका मोठ्या धोंड्याखाली काळंभोर पाणी होतं. फ्लाय वरच्या बाजूला टाकली, बुडू दिली, दोन झटके देऊन ओढली. तिसऱ्याला दोरी जड झाली. मासा धोंड्याखाली शिरायला बघत होता, रॉड वाकलेला, आणि मग एकदम काहीच नाही. वीस पावलं खाली, फेसाच्या कोपऱ्यात माझी ट्यूब तरंगत होती. नुसती नळी आणि केस. हुक माशाबरोबर गेला.

भाऊजी खो खो हसले. "बघ, तुझी ट्यूब हुकवरून निघाली, म्हणून मासा गेला."

अहो, ती निघायलाच हवी! दोरी नळीच्या पोटातून जाऊन थेट हुकला बांधलेली असते. मासा लागला की नळी दोरीवर वर सरकते आणि तोंडात राहतो तो एवढासा हुक. लांब दांडीचा हुक मासा डोकं झटकून उचकटतो, तरफेसारखा. इथे तरफच नाही. मग मासा का गेला? मी दोरीचं टोक बघितलं. तुटलं असतं तर सरळ दिसलं असतं. ते कुरळं होतं, देवघरातल्या गणपतीच्या सोंडेसारखं वळलेलं. म्हणजे गाठ सुटली होती. तो दोन इंचाचा तुकडा अजून माझ्या पाकिटात आहे. आजही दर राखीला जेवताना 'ट्यूब निघाली'चा किस्सा निघतो आणि मी श्रीखंड वाढून घेतो.

तुमचा प्रश्न राहिलाच. घोट्याएवढ्या पाण्यात ट्यूब नेऊ नका, तिथे साधी निंफ, म्हणजे पाण्यातल्या किड्यासारखी बांधलेली छोटी फ्लाय, बरी. खोल डोह, धोंड्याची सावली, पावसाने गढूळलेलं पाणी, संध्याकाळ, एवढ्या ठिकाणी तिच्यासारखी दुसरी नाही. वजन हवं तर फ्रिज दुरुस्तीवाल्याकडून तांब्याची कॅपिलरी मागा, पण आतली कड सुईने गुळगुळीत करा, नाहीतर दोरी कापते. हलक्या रॉडवर तांब्याची ट्यूब फेकलीत तर कान सांभाळा. सराव पोलो ग्राउंडवर करा, हुक न लावता. विश्वामित्रीवर मगरींचा हक्क आहे. आणि हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट बंद असते, बाकीच्या महिन्यांत परवाना लागतो, हे आधी सांगायला हवं होतं.

गाठ मात्र स्वतः बांधा. पाच वेढे, आणि ओढण्याआधी तोंडात धरून ओली करा. भाऊजींनी ती कोरडीच ओढली होती. मी शेजारी उभा राहून बघत होतो.