महिन्याला पन्नाससुद्धा न खपणारी गाडी घ्यावी का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: मासिक विक्रीच्या यादीत तळाला असलेली गाडी घेण्यात धोका आहे का, आणि आलिशान गाड्यांचा खप कोणत्या महिन्यांत वाढतो. दुसरीचे उत्तर सोपे आहे, ते पुढे देतो. पहिलीने मात्र जुन्या दुखण्यावर बोट ठेवले, कारण मी चौदा वर्षे नाशिकच्या एका शोरूमच्या हिशेब विभागात होतो आणि आज माझ्या दारात जी गाडी उभी आहे ती मी घेतली त्या महिन्यात यादीत शून्यावर होती.

पहिल्या तारखेला कंपन्या जो आकडा जाहीर करतात तो गिऱ्हाइकाने घेतलेल्या गाड्यांचा नसतो. कारखान्याने वितरकाच्या नावावर बिल करून पाठवलेल्या गाड्यांचा असतो. गिऱ्हाइकाने किती घेतल्या हे आरटीओच्या नोंदणीवरून, म्हणजे ‘वाहन’ पोर्टलवरून कळते, आणि वितरकांची संघटना फाडा तेच आकडे देते. खपाऊ गाडीच्या बाबतीत दोन्हींतला फरक दोनचार महिन्यांत भरून निघतो. न खपणाऱ्या गाडीच्या बाबतीत ते दोन आकडे दोन वेगळ्या गाड्यांचे वाटावेत इतके फटकून असतात.

२०१९ चा सप्टेंबर घ्या. बाजार इतका बसला होता की ऑगस्टमध्ये देशभरातील प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीच्या मानाने तीस टक्क्यांहून जास्त घसरली होती. आमच्याकडे एक सात आसनी, डिझेलची, अंगाने भारदस्त आणि किमतीने वीस लाखांच्या घरातली गाडी होती. कंपनीचे नाव मुद्दाम घेत नाही. त्या महिन्यात आम्ही तिचे फक्त दोन नग दिले. त्यांतला एक ज्या डॉक्टरांनी घेतला, त्यांनी गाडी पसंत करून ठेवली होती, पण पितृपक्ष संपेपर्यंत किल्ली हातात घ्यायला ते तयार नव्हते; २९ सप्टेंबरला घटस्थापनेच्या सकाळी ते सहकुटुंब आले. दुसऱ्या दिवशी, ३० तारखेला, रात्री आठच्या सुमारास कंपनीच्या एरिया मॅनेजरचा फोन आला की आणखी नऊ गाड्यांचे बिल आजच्या तारखेत घ्या. मी मालकांना म्हटले की आधीच्या पाच तशाच पडून आहेत. मालक म्हणाले, ‘नाही म्हटले तर दिवाळीत खपणारी गाडी कोण देईल?’ बिले फाटली, बँकेचे व्याज त्या रात्रीपासून सुरू झाले, आणि दुसऱ्या दिवशी ती गाडी यादीत चक्क वर सरकलेली दिसली.

त्या चौदा गाड्यांपैकी बहुतेकींनी दिवाळी आमच्या यार्डातच पाहिली. बॅटरीची एक तार सोडवून ठेवली होती, बॉनेटखाली उंदरांसाठी तंबाखूच्या पुड्या ठेवल्या होत्या, आणि टायर एका जागी दबून चपटे पडू नयेत म्हणून दर आठवड्याला दोन पोरे त्या गाड्या हातभर पुढे आणि हातभर मागे ढकलत असत. कंपनीच्या हिशेबी त्या केव्हाच ‘विकल्या’ गेल्या होत्या.

आमचे मोठे साडू तेव्हापासून दर पहिल्या तारखेला विक्रीची यादी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतात. लोक घेतात ती गाडी चांगली, हा त्यांचा सिद्धांत. फेब्रुवारी २०२० ची यादी आली तेव्हा आमच्या गाडीपुढे शून्य होते, आणि साडूंनी त्या शून्याभोवती लाल गोल काढून पाठवला होता. वस्तुस्थिती अशी होती की ३१ मार्चनंतर बीएस-४, म्हणजे धुराच्या जुन्या निकषाच्या, गाड्यांची विक्री बंद होणार असल्यामुळे कंपनीने त्या गाडीचे उत्पादनच थांबवले होते, म्हणून रवानगी शून्य. आणि उरलेला साठा संपवण्यासाठी मोठी सूट लावल्यामुळे त्याच फेब्रुवारीत आमच्या एका शोरूममधून सात गाड्या गिऱ्हाइकांच्या घरी गेल्या, जे वर्षभरात कधी घडले नव्हते. सातवी मी घेतली. जो महिना यादीत सर्वांत वाईट, तोच विक्रीचा सर्वांत चांगला, हे मी साडूंना बिलांसकट समजावले, तरी ते म्हणाले, ‘हिशेबनीस तुम्ही, गाडी शून्याची.’

आता आलिशान गाड्यांचे. या कंपन्या बहुधा महिन्याचे आकडे जाहीरच करत नाहीत. तिमाही किंवा वर्षाचे देतात. चाकणला गाड्या जोडणाऱ्या मर्सिडीज-बेंझने २०२४ मध्ये भारतात १९,५६५ गाड्या दिल्या, आणि देशातील एकूण त्रेचाळीस लाखांच्या बाजारात आलिशान गाड्यांचा वाटा शंभरात जेमतेम एक आहे. मासिक याद्यांत दिसणारे त्यांचे आकडे नोंदणीवरून काढलेले असतात, आणि त्यांत अनेक वर्षे तेलंगणाची नोंद नव्हती, म्हणजे हैदराबादसारखी श्रीमंत बाजारपेठच गायब होती. शिवाय पूर्ण आयात होणारी गाडी जहाजाने तुकडीतुकडीने येते: २०२४ मध्ये स्कोडाची सुपर्ब परत आली ती १०० गाड्यांपुरतीच. अशा गाडीचा एका महिन्यात शून्य आणि पुढच्यात चाळीस हा ‘कल’ बंदराचा असतो, मागणीचा नव्हे. चारच्या बारा झाल्या की ‘२०० टक्के वाढ’ असे मथळे येतात. ते वाचण्यात वेळ घालवू नये.

खप वाढतो तो दसरा-दिवाळीला, डिसेंबरात जुन्या सालाची सूट लागते तेव्हा, आणि मार्चअखेर. व्यावसायिकांचा आणखी एक हंगाम सप्टेंबरअखेर असतो, कारण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या गाडीवर घसारा, म्हणजे गाडीच्या झिजेपोटी आयकरात मिळणारी वजावट, निम्माच मिळतो. आमच्या डॉक्टरांची घाई देवीइतकीच सीएंचीही होती. २०२५ मध्ये मोठ्या गाड्यांवरचा कर उपकरासह ५० टक्क्यांपर्यंत होता तो २२ सप्टेंबरपासून ४० झाला. त्या दिवशी घटस्थापनाच होती, त्यामुळे कपातीची वाट पाहणारे आणि पितृपक्ष पाळणारे असे दोन्ही गट एकदम शोरूममध्ये उतरले. असा महिना कोणत्याही कलात धरू नये.

तेव्हा घ्यावी का? माझे स्पष्ट मत: घ्यावी, आणि यादी पाहून सूट मागावी. मात्र नोंदणीपुस्तकात उत्पादनाचा महिना छापून येतो, तो पैसे देण्याआधी विचारावा. आठ महिने उभी असलेली गाडी असेल तर नवी बॅटरी लिहून घ्यावी आणि टायर वाकून पाहावेत.

इथे एक सांगायला हवे, जे मी साडूंना कधी सांगितले नाही. ते मॉडेल पुढे आलेच नाही. पुढचा दिवा फुटला तेव्हा नवा मिळायला सात आठवडे लागले, आणि गेल्या वर्षी दलालाने जी किंमत सांगितली ती ऐकून मी चहा न पिताच उठलो. पाच वर्षांत गाडी बदलण्याची सवय असेल तर या वाटेला जाऊ नका. पंधरा वर्षे वापरणार असाल तर जा. साडू हे उत्तर वाचतील याची मला खात्री आहे. फेब्रुवारी २०२० ची ती यादी त्यांच्या फोनमध्ये अजून असेल, तर लाल गोलातल्या शून्याशेजारी त्यांनी ७ लिहून घ्यावेत.