जर्नल, ब्युरेट आणि नोकरी: बीएस्सी केमिस्ट्रीबद्दल तुमचे प्रश्न

बारावीचा निकाल आणि सीईटीचं पर्सेंटाइल हातात आलं की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. 'केमिस्ट्री घेऊ का?' असं विचारणारे थोडे, 'दुसरं काही मिळालं नाही, आता केमिस्ट्रीचं काय करू?' असं विचारणारे जास्त. या वेळी दोन्ही प्रकारची पत्रं घेतली आहेत.

मुलीला बारावीला ७२ टक्के आहेत, पण फार्मसीला हवं ते कॉलेज मिळत नाही. बीएस्सी केमिस्ट्री करूनही फार्मा कंपनीत जाता येतं म्हणतात. मग फरक काय? — एक पालक, सिडको

फरक आहे, आणि तो प्रवेश घेण्याआधीच समजून घ्या. बी. फार्म. झालं की फार्मासिस्ट म्हणून नोंदणी करता येते. मेडिकल दुकान, हॉस्पिटलमधली फार्मसी, औषध निरीक्षकाची सरकारी नोकरी ही दारं बीएस्सी केमिस्ट्रीला बंद आहेत, एमएस्सी केमिस्ट्री केली तरीही. कुणी क्लासवाला वेगळं सांगत असेल, तर त्याला नियम दाखवायला सांगा.

कारखान्याच्या आतला मामला वेगळा. कच्चा माल, प्रक्रियेतला माल आणि तयार गोळ्या तपासल्याशिवाय काहीच बाहेर पडत नाही. हे काम क्यूसीचं, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागाचं, आणि क्यूसीत केमिस्ट्रीवाल्यांची मोठी भरती असते. उत्पादनातही जागा आहे. औषधनिर्मितीवर देखरेख करणारी व्यक्ती कोण असावी हे औषधे नियम, १९४५ मध्ये (आधीचं नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) लिहिलेलं आहे. रसायनशास्त्र मुख्य विषय घेऊन विज्ञानाची पदवी मिळवलेला माणूस त्यात बसतो, फक्त त्याला पदवीनंतर औषधनिर्मितीचा ३ वर्षांचा अनुभव लागतो. फार्मसीवाल्याला दीड वर्ष पुरतं. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या जाहिरातींत 'एफडीए अप्रूव्ह्ड केमिस्ट पाहिजे' असं दिसतं (एफडीए म्हणजे इथे राज्याचं अन्न व औषध प्रशासन), त्या वाटेनं बीएस्सी झालेलेही जातात. सुरुवातीचा पगार मात्र बेताचा असतो आणि शिफ्ट चुकत नाही, हे मुलीला आत्ताच सांगून ठेवा.

माझं मत विचाराल तर, स्वतःचं दुकान टाकायचं डोक्यात असेल तर कॉलेज साधं असलं तरी फार्मसीच घ्या. प्रयोगशाळेची आवड असेल तर बीएस्सी. कॉलेज निवडताना केटीएचएम की आरवायके की बिटको, यावर घरात वाद घालण्यापेक्षा एखाद्या दुपारी जाऊन त्यांची लॅब बघून या. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन भरलेला आहे का? डिजिटल काट्यावर कॅलिब्रेशनची तारीख आहे का? मुलं स्वतः ब्युरेट (थेंबाथेंबानं द्रावण सोडणारी मोजनळी) भरताहेत, की एकजण करतोय आणि नऊजण बघताहेत? माहितीपुस्तिकेपेक्षा एवढं बघणं जास्त उपयोगाचं.

मी एफवायला आहे. टायट्रेशनमध्ये, म्हणजे आम्ल-आम्लारी थेंबाथेंबानं मिसळून तीव्रता मोजताना, मिथिल ऑरेंज या इंडिकेटरचा एंड पॉइंट (रंग बदलण्याचा क्षण) मला दिसतच नाही. डॉक्टर म्हणाले, लाल-हिरवा रंगांधळेपणा आहे. केमिस्ट्री सोडू का? — सिन्नरचा एक विद्यार्थी

एवढ्यावरून सोडू नकोस. अणुसिद्धांत मांडणारा जॉन डाल्टन स्वतः रंगांधळा होता. १७९४ मध्ये त्यानं या दोषावर निबंध वाचला, तो स्वतःच्याच डोळ्यांबद्दलचा. त्याचा तर्क असा, की आपल्या डोळ्यातला द्रव निळा असणार. मृत्यूनंतर डोळे तपासले, तर द्रव स्वच्छ पारदर्शक निघाला. जपून ठेवलेल्या त्याच डोळ्यांच्या ऊतींची १९९५ मध्ये डीएनए तपासणी झाली, तेव्हा हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणारं रंगद्रव्यच त्याच्याकडे नव्हतं असं कळलं.

आता तुझ्या टेबलाकडे येऊ. मिथिल ऑरेंज लाल ते पिवळं होतं, साधारण ३.१ ते ४.४ पीएचमध्ये, आणि मधली नारिंगी छटाच तुला दगा देते. फिनॉल्फ्थॅलीन बहुधा जमेल, कारण तिथे रंग नव्हताच आणि आला एवढंच बघायचं असतं. ब्रोमोथायमॉल ब्लू पिवळ्याचं निळं होतं, तेही तुला सोपं जावं. पण कुठलाही इंडिकेटर कुठेही चालत नाही, आम्ल-आम्लारी किती तीव्र आहेत त्यावर निवड ठरते. म्हणून सरांना किंवा मॅडमना सरळ सांग आणि पीएच मीटरवर टायट्रेशन करू देण्याची विनंती कर. आलेख काढला की एंड पॉइंट आकड्यात मिळतो, डोळ्यांवर भरवसा ठेवावा लागत नाही. औषध कंपन्यांतही बरीचशी टायट्रेशन्स आता पोटेन्शिओमेट्रीनं (रंगाऐवजी विद्युतदाब मोजून), ऑटोटायट्रेटरवर होतात. ज्योत परीक्षेत सोडियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम ओळखताना मात्र पार्टनरची मदत घे आणि जर्नलमध्ये तसं लिही.

एक अडचण सांगून ठेवतो. कंपनीच्या मेडिकलमध्ये डोळे तपासतात. गोळ्या-इंजेक्शनं डोळ्यांनी पारखण्याच्या कामावर तुला घेणार नाहीत. उपकरणांवरच्या विश्लेषणाला, संशोधनाला किंवा शिकवण्याला याची आडकाठी नाही. लपवू नकोस, इतकंच.

अकरावीत गणित सोडलं तर चालेल का? — पंचवटी

बीएस्सीला प्रवेश मिळेल. पण बीएस्सीनंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं म्हटलं तर बारावीचं गणित लागतं, आणि फिजिकल केमिस्ट्रीत डिफरन्शिएशन आलं की गणित सोडलेल्यांची त्रेधा उडते. जमत असेल तर ठेव.

आमची द्राक्षबाग आहे. मुलानं केमिस्ट्री करावं असं मला वाटतं, पण त्याला वाटतं की त्याचा शेतीशी संबंध नाही. — एक बागायतदार, निफाड तालुका

दादा, तुमच्या मुलाला २०१० सालची आठवण सांगा. त्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि माल अडकला. बागेत आपण ज्याला लिहोसिन किंवा सीसीसी म्हणतो, तेच हे. फूट जोमानं वाढू नये, घड चांगले सुटावेत म्हणून वापरलं जाणारं वाढरोधक. निर्यातदार आणि बागायतदार दोघांचेही हात पोळले. एक केमिकल कुणाच्या तपासणीच्या यादीत होतं आणि कुणाच्या नव्हतं, या एका मुद्द्यावर कंटेनर अडले.

युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नसते, त्याला सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो ही मर्यादा लागते. म्हणजे १०० टन द्राक्षांत १ ग्रॅम. एवढंसं शोधायचं कसं? बागेतून ठरलेल्या पद्धतीनं नमुना घ्यायचा, तो वाटून एकजीव करायचा, द्रावकानं त्यातले अंश काढून घ्यायचे, आणि मग लिक्विड क्रोमॅटोग्राफीला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर एकेक रेणू वजनावरून ओळखायचा. त्या मशीनसमोर बसणारा माणूस केमिस्ट असतो. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे, हे तुम्ही कृषी केंद्रावर विचारता. औषध वेलीवर किती वेगानं तुटतं, याचाच तो हिशोब आहे. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात या विषयावर काम चालतं.

वाइनचंही तसंच. जानेवारी ते मार्च क्रशिंगच्या काळात वायनरीच्या लॅबमध्ये ब्रिक्स (रसातली साखर), पीएच, आम्लता, मोकळा सल्फर डायऑक्साइड अशा तपासण्यांची रीघ लागलेली असते. फक्त तिथे कायम नोकऱ्या मोजक्या आणि हंगामी काम जास्त. वायनरीच्या चकचकीत फोटोंवर जाऊन करिअर ठरवू नये. औषधांचे अंश तपासणाऱ्या रेसिड्यू लॅबचं काम रुक्ष, पण टिकाऊ. बागेत वाढलेल्या मुलाला तिथे एक फायदा असतो, रिपोर्टवरच्या नावामागचं औषध त्यानं पंपात ओतलेलं असतं.

टीवायला ७८ टक्के आहेत, तरी क्यूसीच्या टेक्निकल इंटरव्ह्यूत बाहेर पडते. 'सोडियम हायड्रॉक्साइड वजन करून घेतलं, मग स्टँडर्डाइझ कशाला?' आणि 'नोंद चुकली तर काय करशील?' असे प्रश्न होते. हे तर सोपे आहेत, मग मला का आले नाहीत? — नाशिकरोड

कारण हे प्रश्न लॅबच्या टेबलावरून आले होते आणि तुझं प्रॅक्टिकल जर्नलमधून झालं होतं. राग मानू नकोस, तू एकटी नाहीस. सत्र संपत आलं की बॅचमधल्या हुशार मुलाचं जर्नल रात्रभर व्हॉट्सॲपवर फिरतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं रीडिंग १०.२, १०.२, १०.२. सरही सही करतात. मला विचाराल तर या पदवीचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, अभ्यासक्रमात नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या डोळ्यांसमोर घडतं. सोडियम हायड्रॉक्साइडच्या दोन-चार गोळ्या वॉचग्लासवर पाच मिनिटं ठेव. त्या चमकायला लागतात, मग ओल्या होतात. हवेतलं पाणी ओढतात, कार्बन डायऑक्साइडही घेतात. म्हणजे काट्यावरचं वजन सगळं सोडियम हायड्रॉक्साइडचं नाही. म्हणून पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट किंवा ऑक्झॅलिक आम्लासारख्या, वजनावर विश्वास ठेवता येणाऱ्या पदार्थाशी ताडून त्याची खरी तीव्रता काढायची. हे ज्यानं बघितलंय त्याला पाठ करावं लागत नाही.

दुसऱ्या प्रश्नात खरी परीक्षा होती. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. व्हाइटनर नाही, खोडरबर नाही, पान फाडणं तर नाहीच. अमेरिकेच्या एफडीएनं २०१३च्या सुमारास भारतातल्या काही औषध कारखान्यांचा माल रोखला, त्यामागे नोंदींशी केलेली छेडछाड हे मोठं कारण होतं. तेव्हापासून इंटरव्ह्यू घेणारा उमेदवाराच्या टक्क्यांआधी त्याची ही सवय चाचपतो.

करायचं काय? अजून कॉलेजात आहेस, तर लॅब असिस्टंट काकांना विनंती करून रिकाम्या वेळी तेच टायट्रेशन स्वतः कर, तीन रीडिंग ०.१ मिलीच्या आत येईपर्यंत. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) हाताळायला मिळत नसेल तर निदान मोबाइल फेजमधली हवा का काढतात, कॉलम सी-१८ म्हणजे काय, एवढं समजून घे. पदवी हातात आली की नॅट्स या केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवरून अप्रेंटिसशिपसाठी नोंदणी कर, बीएस्सीवाल्यांनाही ती मिळते. स्टायपेंड बघून नाक मुरडू नकोस, पहिलं वर्ष मशीनला हात लावायला मिळण्यासाठीच असतं.

फॉरेन्सिकचं वेड आहे. नाशिकमध्ये काही आहे का? — देवळाली कॅम्प

प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. काम मालिकेतल्यासारखं नसतं. व्हिसेरा (मृताच्या अवयवांचे नमुने), दारू, रक्तातलं अल्कोहोल आणि ढीगभर अहवाल. जागा सरकारी जाहिरातीनंच निघतात, त्यामुळे फक्त त्यावर डोळा ठेवून बसू नकोस.

एमएस्सीला ऑरगॅनिकच घ्यावं असं सगळे म्हणतात. ॲनालिटिकलला स्कोप नाही का? — मालेगाव

ऑरगॅनिकचा दबदबा आर अँड डीमुळे आहे. नवा रेणू बनवणं, रिॲक्शन बसवणं, पुढे पीएचडी करून एनसीएल (पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) यासारख्या संस्थेत जाणं, हे आवडत असेल तर खुशाल घे. पण क्यूसी, अन्न, पाणी आणि रेसिड्यू यांच्या लॅबला ॲनालिटिकलवालाच सोयीचा पडतो. अन्न सुरक्षा अधिकारी व्हायचं असेल, तर केमिस्ट्रीच्या वाटेनं एमएस्सीच लागते, नुसती बीएस्सी चालत नाही. शिक्षक व्हायचं असेल तर शाळेसाठी बीएस्सी-बीएड, ज्युनिअर कॉलेजसाठी एमएस्सी-बीएड, आणि सीनिअर कॉलेजसाठी एमएस्सीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट.

आयआयटीत एमएस्सी करायची इच्छा असेल तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज साधारण सप्टेंबरमध्ये निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. म्हणजे टीवायचं पहिलं सत्र सुरू होतानाच अभ्यासाला बसावं लागतं, आणि त्यातही बहुपर्यायी प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग आहे. एसवायचं फिजिकल आत्ताच पक्कं करून घे, तिथेच बहुतेक जण मार खातात.