वाचक विचारतात : डाव्या खुर्चीची घाई किती करावी?

या महिन्यात वैमानिकांच्या नोकरीबद्दल तीन पत्रं आली. (डावी खुर्ची म्हणजे कॅप्टनची, उजवी को-पायलटची.) बावीस वर्षं मी छोट्या मार्गांवर एटीआर ही पंख्यांची प्रवासी विमानं उडवली. पासष्टी पूर्ण झाल्यावर नियमाप्रमाणे थांबलो आणि सांगलीला विश्रामबागेत घरी परत आलो. त्यामुळे या पत्रांची उत्तरं ऐकीव नाहीत.

प्रश्न : माझी भाची अमेरिकेतच वाढली, तिथलीच नागरिक आहे. दोन वर्षांपासून एका प्रादेशिक विमान कंपनीत को-पायलट म्हणून ७६ सीटांचं एम्ब्रेअर जेट उडवते. राहते कोलंबसला, ड्युटी सुरू होते शिकागोहून. आता कंपनी कॅप्टन व्हा म्हणून मागे लागली आहे. पगार एकदम वाढेल. पण ती म्हणते, "मावशी, आत्ता नको." घरात सगळे नाराज आहेत. चालून आलेली बढती कोणी नाकारतं का? तिला कसं समजवावं?
— एक वाचक, मिरज

ताई, बढती नाकारणारी माणसं आपल्याकडेही आहेत. बँकेत ऑफिसर झालं की लांब बदली होते, म्हणून क्लार्क राहिलेले तिघे माझ्याच गल्लीत राहतात. त्यांना कोणी बिनडोक म्हणत नाही. तुमच्या भाचीचं दुखणं थोडंफार तसंच आहे, आणि त्याशिवाय आणखी एक आहे, ते जास्त मोलाचं.

आधी पैशाचं बोलू. वैमानिकाचा पगार तासावर असतो आणि तो तास विमान जागेवरून हललं की सुरू होतो, पुन्हा जागेवर येऊन उभं राहिलं की संपतो. मधे विमानतळावर चार तास बसून काढले तर ते त्या हिशेबात धरत नाहीत. महिन्याला ठरावीक तासांची हमी असते, साधारण ७५ धरा. २०२२ मध्ये अमेरिकेत वैमानिकांची फार टंचाई झाली, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सच्या एन्व्हॉय, पीडमाँट आणि पीएसए या तीन छोट्या कंपन्यांनी नव्या को-पायलटला तासाला ९० डॉलर आणि नव्या कॅप्टनला १४६ डॉलर द्यायला सुरुवात केली. ७५ तासांनी गुणलं तर महिन्याला ४,२०० डॉलरचा फरक पडतो. तुमच्या घरचे नाराज का आहेत, ते मला कळतं.

आता दुसरी बाजू बघा. विमान कंपनीत सगळं सीनियॉरिटी नंबरावर चालतं. दिवाळीला सुट्टी, रविवार घरी, सकाळची फ्लाइट की रात्रीची, सगळं त्या नंबरावर. दोन वर्षांत ती को-पायलटांच्या यादीत मधे कुठेतरी आली असेल, म्हणजे थोडीफार मनासारखी ड्युटी मिळत असेल. कॅप्टन झाली की कॅप्टनांच्या यादीत ती सगळ्यात खाली. मग रिझर्व्ह लागतं. रिझर्व्ह म्हणजे फोन हातात धरून बसायचं, बोलावणं आलं की ठरलेल्या वेळात विमानतळावर हजर. कोलंबसला राहून शिकागोचं रिझर्व्ह करता येत नाही. शिकागोत एखाद्या खोलीत भाड्याची कॉट घ्यावी लागते, आणि घर नुसतं कपडे धुण्यापुरतं उरतं. त्यातून तिला दुसऱ्याच शहराचा बेस, म्हणजे ड्युटी सुरू होण्याचं ठिकाण, दिला तर आणखी पंचाईत. महिन्याच्या ४,२०० डॉलरमधून हे सगळं वजा करायचं. ते तिनंच करायचं, कारण ती कॉट तिच्या वाट्याला येणार आहे.

पण मला वाटतं, तिच्या "आत्ता नको"च्या मागे ही सोयगैरसोय एवढंच नाही.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोला निघालेलं कोल्गन एअरचं क्यू-४०० विमान एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जीव गेले. विमानाचा वेग फार कमी झाला होता. धोक्याची सूचना म्हणून हातातली दांडी थरथरायला लागली, तेव्हा कॅप्टननं ती पुढे ढकलायच्या ऐवजी मागे ओढली. को-पायलट मुलगी सिॲटलजवळ आई-वडिलांकडे राहायची आणि आदल्या रात्री मालवाहू विमानांतून बसून देश ओलांडून नेवार्कला ड्युटीवर आली होती. तिचा वर्षाचा पगार सोळा हजार डॉलरच्या आसपास असल्याचं चौकशीच्या सुनावणीत निघालं. (कंपनीनं नंतर आकडा जास्त सांगितला.) एवढ्या पगारात माणूस बेसच्या गावी घर कसं करणार, हे तेव्हा अमेरिकेतल्या साध्या लोकांना पहिल्यांदा कळलं.

त्यानंतर कायदा झाला. प्रवासी विमानात को-पायलट व्हायलाही उड्डाणाचे १,५०० तास लागतील, असा नियम २०१३ मध्ये लागू झाला. लष्करातून किंवा विमानविद्येची पदवी घेऊन आलेल्यांना त्यात थोडी सूट आहे. आणि कॅप्टन व्हायचं तर त्यावर विमान कंपनीतले १,००० तास. तुमच्या भाचीचे तेवढे झाले असणार, म्हणूनच कंपनी मागे लागली आहे. त्यात कंपनीचं काही चुकतं असं नाही. मोठ्या कंपन्या कॅप्टनांना आणि अनुभवी को-पायलटांना उचलून नेतात, छोट्यांकडे उजव्या खुर्चीत बसणारे असतात पण डाव्या खुर्चीत कोणी उरत नाही, आणि कॅप्टनशिवाय विमान उभंच राहतं.

आता मला बोचणारी गोष्ट सांगतो. बफेलोच्या त्या कॅप्टनचे ३,३७९ तास झालेले होते आणि को-पायलटचे २,२४४. दोघंही पंधराशेच्या कितीतरी पुढे. पण त्या क्यू-४०० वर कॅप्टनचे तास होते फक्त १११. लॉगबुकमध्ये तास लिहिले जातात. त्या तासांत माणसानं काय पाहिलं, ते कुठल्याच रकान्यात लिहीत नाहीत.

माझं सांगतो. सहा वर्षं मी उजव्या खुर्चीत काढली. हात चांगला बसला होता, लँडिंगला प्रवाशांना कळायचंही नाही. मग डावीकडे आलो. एटीआरमध्ये जमिनीवर विमान वळवायचं छोटं चाक फक्त कॅप्टनच्या डाव्या हाताशी असतं. सहा वर्षं विमान उडवलं, पण पार्किंगपासून धावपट्टीपर्यंत ते एकदाही मी चालवलं नव्हतं! ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी त्या चाकावर हात ठेवला तेव्हा तळव्याला घाम फुटला होता.

कॅप्टन होऊन चार महिने झाले असतील. जुलै महिना, बेळगावचा सांबरा विमानतळ, संध्याकाळ उतरलेली. धावपट्टीवर पाऊस असा की वायपरचा उपयोग नाही. एकदा खाली आलो, दिवे दिसले नाहीत, विमान वर उठवलं. दुसऱ्यांदा तेच. आणि मी तिसऱ्यांदा वळायला लागलो. का वळलो? मागे बसलेली माणसं घरी जायची होती, ड्युटीचे तास संपत आले होते, आणि उतरवता आलं नाही असं चार महिन्यांच्या कॅप्टनबद्दल कोणी म्हणू नये, हेही मनात होतं. उजवीकडे चोवीस वर्षांची मुलगी होती. ती आवाज न चढवता म्हणाली, "सर, गोव्याला जायचं तर आत्ताच."

क्षणभर मला तिचा राग आला. मग इंधनाच्या काट्याकडे पाहिलं आणि गोव्याकडे वळलो. तिथं उतरल्यावर चिक्कोडीचे एक आजोबा मला दारातच तावातावानं बोलले, आणि मी ते ऐकून घेतलं. चूक माझी होती. ती गोव्याला वळण्याची नव्हती, तिसऱ्यांदा वळण्याची होती. हात माझा सहा वर्षं तयार होता, पण "नाही उतरत" म्हणायला मी अजून तयार नव्हतो. ते डावीकडे बसूनच शिकावं लागतं हे खरं, पण उजवीकडे असताना चांगल्या कॅप्टनांना तसं म्हणताना जितक्यांदा पाहिलेलं असेल, तितकं ते पुढे सोपं जातं.

म्हणून भाचीला एवढंच विचारा : शिकागोचे हिवाळे किती काढलेस? बर्फातून परत फिरलेला, दुसरीकडे जाऊन उतरलेला कॅप्टन शेजारी बसून किती वेळा पाहिलास? तिचं उत्तर ती सांगेल, आणि तिला स्वतःलाही ते ऐकू येईल. माझं मत विचाराल तर तिनं आणखी एक हिवाळा उजवीकडे काढावा. आज नाही म्हटलं म्हणून सीनियॉरिटी नंबर जात नाही. मात्र तिला हेही माहीत असू द्या, की २०२४ मध्ये तिकडच्या मोठ्या कंपन्यांची भरती मंदावली होती, आणि भरती मंदावली की कॅप्टन म्हणून केलेल्या तासांना पुन्हा किंमत येते. फार वर्षं थांबू नये. आणि घरात तिला कोणी भित्री म्हणत असेल, तर ते आजच थांबवा. ही माझी तुम्हाला विनंती आहे.

प्रश्न : दोन एकर द्राक्षबाग आहे. मुलगी बारावीला आहे, पायलट व्हायचं म्हणते. एक एकर विकून फी भरायचा विचार आहे. कॅप्टनला महिन्याला लाखो रुपये मिळतात असं ऐकतो. किती वर्षांत पैसे वसूल होतील?
— एक शेतकरी, तासगाव तालुका

भाऊ, अजून एकर विकू नका. आधी मुलीची मेडिकल करून घ्या, डीजीसीएची (म्हणजे विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी खात्याची) क्लास टू आणि मग क्लास वन. त्याला हजारांत खर्च येतो. मग तिला पेपर देऊ द्या : नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, रेग्युलेशन्स, टेक्निकल. प्रत्येकात १०० पैकी ७० लागतात. भौतिकशास्त्र आणि गणित बारावीला असायलाच हवं. हे सगळं घरी राहून, बागेची छाटणी बघत होतं. पेपर निघाले की मग पैशाचं बघू.

खर्च मोठा आहे. २०० तासांचं कमर्शियल लायसन्स आजघडीला ५० लाखांच्या पुढे जातं, आणि नोकरीसाठी एका ठरावीक विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवायची परवानगी, वेगळं. त्यातले बरेच लाख कधी कधी नोकरीची चिठ्ठी हातात यायच्या आधी मोजावे लागतात. सगळी फी एकदम कुठल्याही स्कूलला भरू नका, तासांप्रमाणे हप्ते ठरवून लिहून घ्या. विमान बंद पडलं, इन्स्ट्रक्टर सोडून गेला, आणि पोरं वर्षभर धावपट्टीकडे बघत बसली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

"कॅप्टनला लाखो" हे खरं आहे, पण लायसन्स आणि कॅप्टन यांच्यामधे बरीच वर्षं असतात. आधी नोकरीची वाट, मग को-पायलट, मग १,५०० तास होऊन एटीपीएल (कॅप्टन व्हायला लागणारं लायसन्स), मग कंपनीत जागा निघेल तेव्हा कॅप्टन. नोकरीत बाँड असतो. सोडायचं झालं तर डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानं को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला वर्षभर आधी नोटीस द्यावी लागते. आणि कंपन्या बुडतात, हे धरून चाला. माझ्या एका कंपनीनं आमचा सात महिन्यांचा पगार दिलाच नाही. आम्ही तरी उडत राहिलो, उद्या मिळेल, परवा मिळेल म्हणत. तो पैसा आजतागायत आला नाही. त्या सात महिन्यांत माझं घर आईच्या शेतावर चाललं. शेत होतं म्हणून चाललं.

तेव्हा शेत विकण्यापेक्षा शैक्षणिक कर्जाची चौकशी करा, आणि तारण द्यावंच लागलं तर किती द्यावं लागतं ते बघा. मुलीला कोल्हापूरला उजळाईवाडीच्या विमानतळावर एकदा घेऊन जा. तिथं स्टार एअरचं एम्ब्रेअर आणि इंडिगोचं एटीआर येतं. कंपाउंडच्या बाहेर उभं राहून दोघांनी बघा. पुढचं तुमचं तुम्हाला सुचेल.

प्रश्न : एटीआरला पंखे असतात, म्हणून मित्र हसतात. एटीआरवर लागलो तर पुढे जेट मिळतं का? ते तास धरतात का?
— एक विद्यार्थी, कऱ्हाड

धरतात, आणि मिळतं. एटीआर बहुतेक वेळा १७-१८ हजार फुटांवरून जातं, म्हणजे मोठं जेट ज्या ढगांच्या डोक्यावरून निघून जातं, त्या ढगांतूनच तू जाशील. पन्नास मिनिटांच्या फेऱ्या असतात, दिवसाला चार चार लँडिंग. लांबच्या देशांना जाणाऱ्या मोठ्या विमानावर महिन्याला तेवढीसुद्धा वाट्याला येत नाहीत. आडवा वारा, आखूड धावपट्टी, सगळं शिकशील. आत्ता कॉलेज सुटलं की कऱ्हाडच्या धावपट्टीकडे जात जा, ट्रेनिंगची विमानं वाऱ्याच्या कुठल्या अंगानं उतरतात ते बघत जा आणि वहीत लिही. आणि चष्मा असेल तर मेडिकलला जाताना जुन्या नंबराचे कागद बरोबर ने.