गोळी पाठीसाठी होती

“मॅडम, माझ्यातलं पुरुषपण गेलं का कायमचं?” हा प्रश्न पुरुष बहुधा निघता निघता, दाराच्या कडीला हात घालून विचारतात. गोव्यातल्या डिचोलीकडच्या या ट्रकचालकानेही तसाच विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) लग्नाला सहा वर्षं, मूल नाही. बायकोच्या तपासण्यांची फाईल ही जाड. त्याचा एक कागद नाही. खिशात रुमालात गुंडाळलेली ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाची स्ट्रिप, दहातल्या सात गोळ्या संपलेल्या. खनिजाच्या फेऱ्यांत पाठ धरली तेव्हा सुरू झालेली गोळी चार वर्षं चालूच होती. २०१८ पासून हे औषध अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे, तरी त्याला ते चिठ्ठीविना मिळत होतं. याची मला फार चीड येते.

सकाळी रक्त तपासलं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कमी, आणि वृषणांना ते बनवायला लावणारं एलएचही कमी. बिघाड वृषणात असता तर एलएच वाढलेलं दिसलं असतं. म्हणजे वरून हुकूमच येत नव्हता. मेंदूतला हायपोथॅलॅमस जीएनआरएच हे संप्रेरक थांबून थांबून, ठोक्यांनी सोडतो. त्या ठोक्यांवर पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं सोडते, आणि मग वृषणं कामाला लागतात. ट्रॅमाडॉलसारखी अफूच्या कुळातली औषधं हे ठोकेच मंद करतात. बायकांची पाळीही यातूनच चुकते.

तो म्हणाला, “म्हणजे इंजिन बरं आहे, सेल्फ लागत नाही?”

अगदी तेच. गोळी सुटली की ठोके बहुतेकदा परततात. मात्र गोळी एकदम तोडायची नाही. अंगदुखी, जुलाब, झोप उडणं यांनी माणूस पुन्हा तिकडेच वळतो. बांबोळीच्या मानसोपचार डॉक्टरांनी मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवली, पाठीला फिजिओथेरपी लावली. मित्राने सुचवलेलं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन मी हात जोडून नको म्हटलं: बाहेरून ते घेतलं की शुक्रजंतू बनणं आणखी मंदावतं, आणि यांना तर मूल हवं होतं.

पाच महिन्यांनी सकाळचा रिपोर्ट सुधारला. मूल अजून नाही. पण सुनेला नवसाला नेणं सासूबाईंनी थांबवलंय. लेकाने स्वतः शेजारी बसून आईला गोळीचं सगळं सांगितलं.