विचारा की! : पेठ श्रीमंत झाली का नुसती रिकामी?

प्रश्न : दादा नमस्कार, आम्ही आजोबांपासून शुक्रवार पेठेत राहतोय. वाड्यात आधी नऊ बिऱ्हाडं होती, आता तीन उरलीत, खाली दुकानं अन वरती गोडाऊन. आत्या म्हणते पेठेत पैसा आलाय, दारात गाड्या बघ किती लागतात. बाबा म्हणतात पेठ मेली. खरं कुणाचं? अन याचे आकडे कुठं बघायला मिळतात का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आत्यांना राग येईल, पण त्यांचं गणित कच्चं आहे. समज एका वाड्यात दहा बिऱ्हाडं आहेत, नऊजण महिना १२ हजारवाले, कुणी यंत्रमागावर, कुणी चाटी गल्लीत कापडाच्या दुकानात, अन एक दुकानमालक ८० हजारवाला. सरासरी निघते १८,८००. आता १२ हजारवाली पाच बिऱ्हाडं उठून गेली, कुणी जुळे सोलापुरात, कुणी पोरामागं पुण्याला. उरलेल्या पाचांची सरासरी काढ, २५,६०० येते! पगार कुणाचाच एक रुपयानं वाढला नाही बरं का, फक्त माणसं गेली. म्हणून मी सरासरी बघतच नाही, सगळ्यांना कमाईप्रमाणे रांगेत उभं करायचं अन बरोबर मधे येईल त्याला विचारायचं, आपलं मधल्या मारुतीचं देऊळ आहे ना, तसा हा मधला माणूस. तो आधी पण १२ हजारवाला, आता पण १२ हजारवालाच.

गाड्यांचं म्हणशील तर संध्याकाळी शटर पडल्यावर जाऊन बघ, किती उरतात. मालक होटगी रोडला राहतो अन दुकान पेठेत, असं किती जणांचं आहे.

माणसं गेली कशी, तर मिल बंद पडल्या हे आहेच, पण १९९२ ला हद्दवाढ झाली, आजूबाजूची गावं शहरात आली अन तिकडं प्लॉट घेऊन लोक सरकत गेले. म्हणून १९९१ ते २००१ मध्ये शहराचा आकडा ६ लाखावरून पावणेनऊ लाखाच्या आसपास गेला त्याचं लई कौतुक नको, बरीचशी ती हद्दवाढच आहे. पुढच्या दहा वर्षात खरी चाल दिसली, ८,७२,४७८ वरून ९,५१,५५८, म्हणजे ९ टक्केच.

आता आकडे कुठं. जनगणनेत उत्पन्न विचारतच नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जनगणनेआधी घरांची यादी करतात, त्या घरयादीत विचारतात खोल्या किती, छत कशाचं, नळ आत का बाहेर, टूव्हीलर, टीव्ही वगैरे, त्यावरून अंदाज बांधायचा. पण तुझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे, त्यात वास्तू राहायला वापरतात का दुकानाला का रिकामी आहे हे पण नोंदवतात. २०११ चं वॉर्डावार बघता येतं, फक्त वॉर्ड म्हणजे पेठ नव्हे, अन २०१७ च्या निवडणुकीला प्रभाग नव्याने आखले, त्यामुळे जुनं नवं एकमेकांवर ठेवून बघू नको. २०२१ ची झालीच नाही, आता २०२७ ची.

तोवर जिन्याखालचे लाईटचे मीटर मोज. मी परवा टिळक चौकाच्या बाजूला एका वाड्यात गेलतो, सात मीटर, तिनावर जळमटं, दोन दुकानांचे, घरगुती चालू दोनच अन त्यातल्या एका घरात आजी एकट्याच, पोरगा दिवाळीला येतो म्हणाल्या. मग बाबांचं खरं का? निम्मं. दिवसा त्या वाड्यात पाय ठेवायला जागा नव्हती, रात्री नऊनंतर मात्र त्या आजी अन शेजारचे, बस.

प्रश्न : जुना भाडेकरू १५० रुपयाच्या वर द्यायला तयार नाही, कायद्यानं किती वाढवता येतं? (एक घरमालक)

उत्तर : भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते. २००० ला १५० असेल अन दरवर्षी न चुकता वाढवलं असतं तर पंचवीस वर्षांनी ४०० झालं असतं. महापालिकेचा कर वाढला तर तो वेगळा धरता येतो. पण काका, ४०० मध्ये त्या वाड्याचं एक माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, तरी नीट होतंय का?