माझ्याच रुग्णालयात तपासणी केली आणि ते वॉर्डभर झालं. तक्रार करू की गप्प बसू?

तुम्ही नर्स आहात तिथेच तपासण्या करून घेतल्या, कुणालाही काही सांगितलं नाही, आणि दोन दिवसांत एका सहकारी बाईंनी चहाच्या वेळी सगळ्यांदेखत विचारलं, "गोळ्या सुरू केल्या का?"

तक्रार करा. लेखी करा. त्यांनी आपुलकीनं विचारलं असेल, तरीही करा.

मी बरीच वर्षं मेडिकल रेकॉर्ड विभागात होते आणि हीच चूक माझ्या हातून झाली आहे. आमच्यातल्या एक ताई अचानक आठवडाभर रजेवर गेल्या. काळजी वाटली म्हणून मी त्यांची फाइल उघडली. गर्भपात झाला होता. त्या कामावर परतल्या, फायलींचा गठ्ठा उचलायला वाकल्या, आणि मी काही न बोलता तो त्यांच्या हातून घेतला. त्या थबकल्या. आधी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे. पुढे त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. काळजीच होती तर फोन करून "कशा आहात?" विचारता आलं असतं. मी ते केलं नाही. उपचारात माझं काही काम नसताना ती फाइल उघडण्याचा मला काडीचाही अधिकार नव्हता.

आता तुमच्याबद्दल. रेकॉर्ड कॉम्प्युटरवर असेल तर बहुतेक सिस्टीममध्ये कुणाच्या लॉगिनवरून, किती वाजता फाइल उघडली याची नोंद राहते. तक्रारीत कुणावर संशय घेऊ नका. तपासणीच्या तारखेपासून आजवर माझी फाइल कुणी आणि कशासाठी उघडली ते तपासा, एवढीच मागणी करा. एक मात्र जपा. रागाच्या भरात स्वतःच्या लॉगिनवरून स्वतःचीच फाइल उघडू नका, अनेक ठिकाणी तोही नियमभंग धरतात. आणि वॉर्डातलं लॉगिन दिवसभर उघडं ठेवून सगळे तेच वापरत असतील, तर नोंदीत भलत्याच माणसाचं नाव येईल. तेही तक्रारीत लिहा.

आपल्या पेशात गोंधळ होतो तो इथे: रुग्णालय एकाच वेळी तुमचा डॉक्टर असतं आणि मालकही. रुग्णांची माहिती गुप्त ठेवण्याबाबतच्या अमेरिकेच्या १९९६ च्या 'हिपा' कायद्याखालच्या नियमांत हा फरक स्पष्ट आहे. उपचारांची नोंद त्याच्या संरक्षणात येते, पण रजेसाठी तुम्ही कार्यालयात दिलेला कागद नोकरीची नोंद ठरतो आणि त्या संरक्षणाबाहेर राहतो. म्हणून कायदा कुठलाही असो, रजेच्या अर्जात आजाराचं नाव लिहिण्याआधी ते खरंच लागतं का ते विचारा. बहुतेकदा वरिष्ठांना कळायला हवं ते इतकंच, की तुम्ही कामावर येऊ शकता का आणि कोणतं काम काही दिवस टाळायचं.

तोंडी फुटलेली गोष्ट, लिफ्टमध्ये किंवा ड्युटी बदलताना बोललेली, कुठल्याच नोंदीत सापडत नाही. त्यासाठी चहाच्या वेळी कोण काय बोललं, तारीख-वेळेसह आजच लिहून ठेवा.

पुढच्या तपासणीआधी फाइल मर्यादित लोकांनाच दिसेल अशी सोय आहे का, हे रेकॉर्ड विभागात विचारा. आणि उद्या पुन्हा कुणी विचारलं तर "यावर मी बोलणार नाही" एवढं पुरे. हो की नाही, काहीच सांगू नका.